टोरंटो ते पर्थ, व्हाया मोहाडी

अजी, तुमाले झाडाले टांगून ठेवलं म्हणून गाव मले अजून नावं ठेवून राहिलं. ठेवू द्या. तिसऱ्या दिवशी राख सावडली, मडक्यात भरली, वरून फडकं बांधलं, अन् सगळे वैनगंगेवर जाले निघाले. मी म्हणलं, नाही. तलावाच्या पाळीवर वड आहे, त्याले बांधा. घरात आणाचं नसते हे मलेही मालूम आहे, म्हणून बाहेरच बांधा. पण आज नदीत जाणार नाही. तुमचे मोठे भाऊ, माहे भासरे, भडकले. चार माणसाइच्या समोर म्हणले, "कौसल्या, मेलेल्या माणसाले असं अडकवून ठेवाचं नसते. जीव घुटमळते त्याचा."

मी म्हणलं, "घुटमळू द्या. जिता होता तेव्हा कोणाले पडलं होतं तो किती घुटमळते ते?"

भासरे पाठ फिरवून चालते झाले. माणूस वाईट नाही तो, पण त्या दिवशी माह्या डोक्यात आग होती. अजूनही आहे. तुमाले वाटत असन का बायको रडून रडून आंधळी झाली असन. रडली, नाही असं नाही. पण रडू कमी अन् राग जास्त. त्या रागाच्या जोरावरच उभी आहे मी, नाहीतर कधीचीच बसली असती.

तुमाले नेलं त्या दुपारची गोष्ट तुमाले सांगाची राहिली. तुमी तर डोळे मिटून पडले होते, तुमचं बरं होतं. सकाळी जाळं घेऊन बोडीवर मासे धराले गेले, परत आले, भिंतीले टेकून बसले, म्हणले छातीत जड लागून राहिलं, अन् मोहाडीच्या तालुका दवाखान्यापर्यंत गाडी पोचाच्या आधीच गेले. संदीपले टोरंटोत फोन केला, वैशूले पर्थमधी केला. दोघंही म्हणले, कितीही धावलो तरी दोन दिवस लागतीन. दोन दिवस कोण ठेवते? मढं घरात असलं का आळीत चूल पेटत नाही. अन् धान कापणीचे दिवस, लोक बांध्या सोडून आपल्या अंगणात बसलेले. मी म्हणलं, चला, फोनवर तरी बापाचं तोंड पाहू द्या लेकराइले.

भासऱ्याचा मंगेश म्हणे, "काकू, एकाच फोनवर दोघाइले घेता येते. बाजूबाजूले दोन चौकटी येतात." त्यानं तसं लावलं. वैशू आली, रडून रडून नाक लाल. मंग संदीप आला. बहिणीचं तोंड दिसलं अन् तसाच निघून गेला! बापाचं मढं समोर पडून आहे, अन् याले बहिणीच्या चौकटीचा विटाळ! मंग काय, दोन फोन. मंगेश तुमच्या डोक्याकडून एक धरून उभा, त्याची बायको पायाकडून दुसरा धरून उभी. पोराले तुमचं तोंड दिसलं, पोरीले तुमचे पाय. मंग मंगेशच्या बायकोनं अन् मंगेशनं जागा बदलली. सारं गाव पाहून राहिलं होतं. मले इतकी लाज वाटली का तुमच्या अंगावरची चादर ओढून माह्या तोंडावर घ्यावी.

अन् भांडण कायचं? तुमाले मालूम आहे, पण मले पुन्हा एकदा म्हणू द्या, म्हणल्याबिगर माहं पोट दुखते.

वैशू नर्स होऊन तिकडे गेली, तिथंच तिच्या दवाखान्यातला एक जण तिले आवडला. केरळचा. आपल्यातला नाही, आपल्या बोलीचा नाही. फोनवर तिनं सांगतलं तेव्हा मी डोक्याले हात लावून बसली होती. मंग तुमी फोनमधी एकच विचारलं, "मासे खाते का तो?"

"रोज खाते, बाबा."

"मंग आपलाच आहे."

झालं. संपला विषय. लग्न लागलं, जावई अंगणात बसून झिंग्याची भाजी चाटून-पुसून खाऊन गेला, आळीतल्या बायाइनं त्याले दोनदा वाढलं. ज्या गावाले बोलाचं होतं ते गाव हात धुऊन घरी गेलं. अन् बोललं कोण? टोरंटोवाला! "आपल्यातला नाही. लोक काय म्हणतीन?" कोणते लोक, बाप्पा? इथं आमाले कोणी विचारलं नाही, अन् तिथं बर्फात तुह्या दारावर कोण येऊन विचारते, का तुही बहीण कोणाच्या घरी दिली? येवढा शिकला, येवढा दूर गेला, अन् इथून जाताना पेटीत काय भरून नेलं तर हे! लग्नाले आला नाही. बहिणीले लिवलं का तू मले मेली. तीही काही कमी नाही. म्हणे, "मले एक भाऊ होता, तो बर्फात गोठला." अन् त्याचा नंबरच बंद करून टाकला. माह्याकडून जिद्द घेतली दोघाइनं, अन् तुमच्याकडून अबोला. चांगलं काही घ्याले नाही सुचलं.

हीच दोघं लहानपणी एका जाळ्यावर बसत होती, आठवते? तुमी जाळ्याचं एक टोक संदीपले द्या, दुसरं वैशूले. दोन्हीकडून विणत या, मधात भेटा. पोरीले जाळं विणाले शिकवता म्हणून लोक हसत. तुमी म्हणा, "बोटं तर दोघाइलेही दहाच आहेत." मंग त्या दोघाइची चढाओढ, कोण लवकर मधात पोचते. वैशू पोचे, अन् संदीप म्हणे तिनं भोकं मोठी ठेवली. मारामारी होऊन सूत गुतून जाये. मी विळा घेऊन कापाले धावली का तुमी माहा हात धरत. "गाठ कापाची नसते वो, सोडवाची असते." येवढी एकच शिस्त होती तुमची, बाकी सगळं माह्यावर सोडून दिलं होतं. त्या दोघाइले धरून बसवत अन् म्हणत, दोघाइनं मिळून सोडवा, मंगच जेवण. अन् सोडवत होती जी, रडत-रडत सोडवत होती.

तुमी मारलं नाही कधी लेकराइले, मलेही कधी वाईट बोलले नाही. त्याचं मी तोंडानं कधी चांगलं म्हणलं नाही, आता म्हणते. पण याच्यासाठीच मले तुमचा रागही येते. एकदा तरी ओरडाचं होतं. ते दोघं तुटले तेव्हा मी म्हणलं होतं, पोराले फोन लावा अन् चांगलं खडसवा. अन् तुमी काय केलं? तुमी मोजाले बसले.

शाळेत पृथ्वीचा गोळा होता, त्याची दांडी तुटली होती, गुरुजी फेकून राहिले होते तर तुमी घरी घेऊन आले. आपल्या पितळी लोट्याच्या तोंडावर तो बसवला. टोरंटो त्याच्यावर छापलेलं होतं. पर्थ जिथं पायजे तिथला रंग उडाला होता, तर मंगेशले विचारून वैशूच्या राहिलेल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. आपलं गाव तर कोण छापते? दुसरा ठिपका तिथं. मंग जाळ्याचं सूत घेतलं, एक टोक टोरंटोवर अंगठ्यानं दाबलं अन् दुसरं पर्थवर नेलं.

मी मासे साफ करत होती. म्हणलं, "अजी, इथून टोरंटो किती दूर ते मोजा, इथून पर्थ किती दूर ते मोजा, मले समजन. टोरंटोतून पर्थ मोजून तुमाले काय कराचं आहे? तुमाले जाचं आहे का?"

तुमी वर पाहिलं नाही. म्हणले, "आपल्यापासून किती दूर ते मोजून काय फायदा? आपण काय सदा राहून राहिलो? आपण गेल्यावर त्या दोघाइले एकमेकाइकडेच जाचं आहे. तेच अंतर मोजाले पायजे."

माह्या हातातला मासा तसाच राहिला. मंग मले इतका राग आला का मी तो टोपलीत आपटला. येवढं समजते तर तोंडानं सांगा ना पोराले! सुताले सांगून काय होते?

पण तुमचा छंद लागला तो लागला. दोन्ही गावं गोळ्याच्या उलट्या-सुलट्या बाजूले, एक पाहाले गेलं का दुसरं दिसत नाही. मी एका हातानं गोळा धरू अन् तुमी सूत फिरवा. सरळ ताणलं का सूत वरून, बर्फाच्या देशावरून चढे, जपानच्या बाजूनं उतरे, अन् पर्थले जाये. आपला ठिपका पार दुसऱ्या बाजूले राहून जाये. तुमचं तोंड उतरलं. मंग तुमी तेच सूत आपल्या ठिपक्यावरून नेलं. टोरंटो, आपलं गाव, पर्थ. पाहिलं तर जरासंच कमी पडलं. दोन बोटं. येवढे खूश झाले तुमी, जसा बोडीत मोठा रोहू लागला! "कौसल्या, दोन बोटांचाच फेर आहे! भंडाऱ्याहून तुमसरची लाल बस व्हाया मोहाडी जाते का नाही? तसंच आहे हे. टोरंटो ते पर्थ, व्हाया मोहाडी."

तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण पुढच्या वेळेस मोजलं तर ते दोन बोटंही गायब! तुमी म्हणले, "पाहा, दोन्हीकडून सारखंच. आपल्या घरावरून गेलं तरी तेवढंच." मी जाळं विणणाऱ्याचीच पोरगी, मले दिसत नाही का? सरळ मोजताना तुमी सूत सैल धरलं होतं. बोटानं झोल दिला होता.

"ओढून धरा ना जी!"

"ओढून धरलेल्या जाळ्यात मासा गुतत नाही. धडकते अन् परत जाते. जाळं सैलच सोडावं लागते."

"हे जाळं नाही, पृथ्वी आहे!"

"माह्या हाताले ताणून धराची सवय नाही, काय करू?"

असं म्हणून तुमी हसले. जन्मभर पाण्यात सैल जाळं सोडणारा माणूस, याच्या हातानं अंतर मोजलं तर झोल येणारच. अन् त्या झोलानं आपलं गाव बरोबर सरळ रस्त्यावर येऊन बसलं. त्यानंतर घरी जो येईन त्याले तुमी तेच दाखवलं. दूधवाला आला, त्याले दाखवलं. मंगेशचे सासरे आले, त्याइले दाखवलं. मी आतून ओरडू, "सैल धरून राहिले, विश्वास नका ठेवू!" तुमी म्हणा, "तिचं नका ऐकू, ती सगळंच ओढून धरते."

एकदा मंगेशनं फोनवर काढून दाखवलं. दोन शहराइची नावं टाकली का मधातलं विमानाचं अंतर येते म्हणे. आलं, अठरा हजार किलोमीटरच्या वर. एक वाकडी रेघही आली, ती पुन्हा बर्फावरूनच. अन् खाली लिवून होतं, का अशी सरळ जाणारी फेरीच नाही. तेव्हा तुमी भडकले. तुमाले मी माणसावर कधी भडकताना नाही पाहिलं, त्या फोनवर भडकले! "ज्या रस्त्यानं कोणी जातच नाही त्याचं अंतर कायले सांगते? माणसाले मधात कुठं ना कुठं उतराच लागते ना? मंग आपल्या इथं उतरा!"

मंगेश म्हणे, "काका, मोहाडीले विमानतळ नाही."

"नागपूरले आहे ना! नागपूर काय दूर आहे?"

आमी दोघं किती हसलो. तुमी नाही हसले. तुमी सूत गुंडाळून खिशात ठेवलं अन् बोडीवर निघून गेले. मले तेव्हाच समजाले पायजे होतं का हा माणूस खेळून नाही राहिला.

पण बोलले नाही तुमी! त्याचाच तर राग आहे. संदीपचा फोन आला का विचाराल, बर्फ किती पडला. वैशूचा आला का विचाराल, तिथल्या समुद्रात खेकडे कसे मिळतात. मी समोरून हातवारे करू, बोला, बोला आता! तुमी फोन माह्या हातात देऊन मोकळे. मी चिडली का म्हणत, "मी बोललो तर एका बाजूनं ओढल्यासारखं होईन. तुटन."

"तुटू द्या! तुटलं तर जोडू."

"जोडता येते, पण जोडल्याची गाठ हाताले लागत राहते."

याच्यावरचं उत्तर मले आता सुचलं. हाताले गाठ लागली असती तर लागली असती, जी. हात तर राहिला असता. तुमी सैल सोडत राहिले, सोडत राहिले, अन् एक दिवस सूत टाकून निघून गेले. मंग ते सूत कोणाच्या हाती आलं? माह्या. अन् मी कशी आहे ते तुमी सगळ्या गावाले सांगूनच ठेवलं होतं.

तुमाले नेल्याच्या दुसऱ्या दिवशी संदीपचा फोन. "आई, मी येतो. पण पहिले सांग, ती कोणत्या तारखेले येऊन राहिली?" मले वाटलं, बहिणीले घ्याले विमानतळावर थांबते का काय. कायचं! त्याले ती तारीख टाळाची होती. थोड्या वेळानं वैशूचा. "आई, तो आला अन् परत गेला का मले सांग. मंग मी निघते." अजी, माह्या अंगाचा तिळपापड झाला. बाप मेला तर पाळी लावून रडाले येणार हे? आज तुही बारी, उद्या माही बारी?

तेव्हाच मी ठरवलं. मडक्याचं फडकं तुमच्याच जाळ्याच्या दोरीनं बांधलं, तुमचीच ती जाळ्याची गाठ, एकावर एक, जेवढा जोर होता तेवढा लावून. तिसऱ्या दिवशी ते वडाले चढवलं. अन् दोघाइले फोन करून एकच सांगतलं, शब्द बदलला नाही. "तुमचा बाप वडाले लटकून आहे. दोघाइचे हात एका वेळेस लागल्याबिगर तो नदीत जाणार नाही. एकट्यानं याचं असन तर येऊच नका."

वैशू रडाले लागली. संदीप म्हणे, "आई, हे ब्लॅकमेल आहे."

मी म्हणलं, "जे असन ते आहे. मले इंग्रजी येत नाही."

मंग रोज सकाळी मी वडाखाली जाऊन बसली. बाया म्हणत, कौसल्याचं डोकं फिरलं, मडक्यासंग भांडते. हाव, भांडत होती. तुमालेच शिव्या देत होती. म्हणत होती, लटका आता, तुमच्या झोलानं ही वेळ आणली. धुकं पडून दोरी ओली होये, दुपारी वाळे, पुन्हा ओली होये. भासरे येत, दुरूनच पाहत अन् परत जात. एकदा मात्र जवळ येऊन बसले अन् म्हणले, "येतीन का वो पोट्टे?" त्याइच्या आवाजात राग नव्हता. मी म्हणलं, "नाही आले तर मी इथंच बसून राहीन." अन् अजी, खरं सांगते, मले भेव वाटून राहिलं होतं. नाही आले तर? मी तर सूत पुरं ताणून बसली होती. तुटलं असतं तर जोडाले तुमी नव्हते.

आले. एकाच सकाळी आले, नागपूरहून, दोन वेगवेगळ्या गाड्या करून! एकाच रस्त्यानं, एकामागं एक, धूळ उडवत. पहिले संदीप. मले धरून रडला, मी रडू दिलं. मंग वैशू. ती दारात आली अन् हा अंगणाच्या पार त्या कोपऱ्यात जाऊन खाटेवर बसला. ती इकडे पायरीवर. मी एकाच ताटात दोन कप चहा ठेवून मधात उभी राहिली. याले घ्याचा असन तर उठून यावं लागन, तिलेही उठून यावं लागन. दोघंही उठले, आपापला कप उचलला, अन् एकमेकाच्या तोंडाकडे न पाहता परत आपल्या जागेवर! मले वाटलं, ते ताट दोघाइच्या डोक्यात घालावं.

मंगेशची मासे न्याची गाडी होती, तिच्यातच मागं बसून नदीवर निघालो. मडकं मी दोघाइच्या मधात ठेवलं, मुद्दाम. आपला रस्ता तुमाले मालूमच आहे. पहिल्याच खड्ड्यात मडकं उसळलं, संदीपनं धरलं. दुसऱ्यात वैशूनं धरलं. मंग पूर्ण रस्ताभर चार हात त्या मडक्यावर होते, अन् दोन तोंडं दोन दिशेले. रस्ता दुरुस्त न करणाऱ्याइले मी जन्मभर शिव्या दिल्या, त्या दिवशी नाही दिल्या.

वैनगंगेत गुडघाभर पाण्यात उतरले. फडकं सोडाचं होतं. दोरीची गाठ धुक्यानं भिजून, वाळून, अशी घट्ट बसली होती का हलेना. संदीपनं टोक धरलं अन् ओढलं. ती आणखी आवळली. पुन्हा ओढलं. काठावरून भासरे म्हणले, "विळा घे रे मंगेश, कापून टाक."

मी ओरडली, "खबरदार! आमच्या घरात गाठ कापत नाहीत."

संदीप ओढून राहिला होता. तोंड लाल, डोळ्यातून पाणी, दातओठ खाऊन ओढून राहिला होता, जसा सगळा दोष त्या दोरीचाच आहे. वैशू पाहून राहिली होती. मंग तिच्यानं राहवलं नाही. म्हणली, "अरे ओढून नको राहू. पहिले सैल दे."

अजी, तुमचा शब्द. तुमचाच शब्द, तुमच्याच सुरात, तुमच्या पोरीच्या तोंडातून. किती वर्षांनी भावाले पहिला शब्द बोलली, अन् तो हा.

संदीप थांबला. हात तसेच ठेवून उभा राहिला. मंग त्यानं टोक मागं सारलं, गाठीत ढकललं, जसं तुमी शिकवलं होतं. दोरीले जरासा झोल आला. वैशूनं त्यात नख घातलं. एक गाठ सुटली, मंग खालची, मंग तिच्या खालची. मी रागानं किती बांधल्या होत्या ते मलेच मालूम नव्हतं. दोघं वाकून, डोक्याले डोकं लागन असे, सोडवत राहिले, अन् कोणी कोणाले घाई केली नाही. मंग चार हातानं मडकं वाकडं केलं अन् तुमी गेले.

गळ्यात गळा घालून रडले असं नका समजू. तसं काही झालं नाही. परत येताना गाडीत संदीपनं समोर पाहत विचारलं, "तो नाही आला?"

"ड्यूटी होती त्याची."

"बरं."

बस. येवढंच! अठरा हजार किलोमीटरचं भांडण, बापाचा जीव गेला त्यात, अन् वरून 'बरं'! त्यानं माफी नाही मागतली, तिनं मागं घेतलं नाही, अन् मी तर दोघाइलेही माफ केलं नाही, करीन तेव्हा करीन. तेरवीच्या जेवणात संदीपनं बहिणीच्या ताटात भात वाढला, तिनं हातानं पुरे म्हणलं, तेवढंच. पण निघताना दुसरी गाडी आली नाही. कोणी नको म्हणलं ते मी विचारलं नाही. दोन गाड्याइनं आले होते, एका गाडीनं गेले. दिल्लीपर्यंत एकच विमान आहे म्हणे. तिथून एक इकडे, एक तिकडे.

आता घर रिकामं आहे. गोळा लोट्यावर तसाच आहे. आज मी तुमचं सूत काढलं, टोरंटोवर अंगठा ठेवला, अन् एकटीनं मोजलं. गोळा धराले कोणी नाही, घसरून राहिला होता, तरी मोजलं.

भांडण आपलं तसंच राहिलं, अजी. तुमी असते तर म्हणले असते, पाहिलं? सैल दिलं तेव्हाच गाठ सुटली. अन् मी म्हणलं असतं, मी ओढलं नसतं तर ते दोघं नदीवर आलेच नसते, मंग सैल कोणाले देता? तुमी हसले असते, मी चिडली असती. कोण खरं ते आता कोण सांगन? आपलं ऐकून मधात बोलणारं तिसरं कोणी नव्हतं घरात, अन् आता दुसरंही नाही.

तुमचं मोजमाप खोटं होतं हे मी अजूनही म्हणते. दोन बोटांचा फेर आहे तो आहे, आजही मोजला, आहेच. पण तुमची पोरं तेवढ्या फेरानं आली, जी. टोरंटोवाला आला, पर्थवाली आली. व्हाया मोहाडी आली. एकाच दिवशी, एकाच दारात उतरली.

अन् तुमी घरी नव्हते.